निशिकासाईतलं बिऱ्हाड: तुमचे अनुभव लिहा

तोक्योच्या पूर्व टोकाला, एदोगावा वॉर्डात, निशिकासाई आहे. 2000च्या आसपास आपले आयटीवाले इथे राहू लागले. आता स्टेशनबाहेर मराठी ऐकू आली तर कुणी मान वळवूनही बघत नाही. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तेव्हा पुण्याहून फोन: "तुमच्याकडे आपला माणूस नगरसेवक झाला म्हणे!" मंदिरं आणि मनोरे सगळ्यांनी पाहिलेत. इथे घर, शाळा आणि रविवार यांबद्दल लिहा.

सुरुवात माझी. आम्ही यूआरच्या, म्हणजे भाड्याने घरं देणाऱ्या निमसरकारी संस्थेच्या, संकुलात राहतो. तिथे जामीनदार लागत नाही, म्हणून भारतीयांची गर्दी. कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर: जळणारा, बाटल्या-डबे, रद्दी, प्रत्येकाचा वार वेगळा. जुनी गादी टाकायची तर आधी नोंदणी, मग दुकानातून पैसे मोजून स्टिकर. 90 दिवसांच्या व्हिसावर आलेल्या सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "का गं, इथे भंगारवाला येत नाही?"

डोंबिवलीकर
पोरं लहान असतील तर गाडी नको, ममाचारी घ्या. पुढे-मागे मुलांच्या सीट असलेली सायकल. बॅटरीवालीच घ्या, पुलांचे चढ साधे दिसतात, दोन पोरं बसली की कळतं. आमचा रविवार कासाई रिंकाई पार्कात जातो. समुद्राकाठी मैदान, शेजारी मत्स्यालय. तिथल्या गोल टाकीत ट्युना मासे सतत फेऱ्या मारत असतात. 2014-15च्या हिवाळ्यात त्यातले जवळजवळ सगळे मेले होते, एकच उरला होता. पुढे नवे आणून सोडले. मुलाला ही गोष्ट दर वेळी पहिल्यापासून ऐकायची असते. 117 मीटर उंच पाळणाही आहे, हवा स्वच्छ असेल तर वरून फुजी दिसतो. पुढचंच स्टेशन माइहामा, म्हणजे डिस्ने. तिथे खिसा रिकामा करायच्या आधी इथे या.
पावसाची भुरभुर असेल तर कासाई स्टेशनच्या पुलाखालचं भुयारी रेल्वेचं संग्रहालय. तिकीट किरकोळ, आणि तिथून पोराला बाहेर काढणं महाकठीण.

दोन डबेवाली
शाळेबद्दल. मुलगी जपानी सरकारी शाळेत आहे. पहिलीची मुलं पिवळ्या टोप्या घालून आपली आपण चालत जातात. सुरुवातीला मी चार हात अंतर ठेवून मागून जायचे, तर लेकच म्हणाली, "आई, फक्त तूच येतेस." दुपारचं जेवण शाळेत, पांढरे डगले घालून मुलंच वाढतात, नंतर वर्गही झाडतात-पुसतात. आम्ही शाकाहारी, आणि नुसत्या भाजीच्या सूपमध्येसुद्धा माशाचा अर्क असतो. वर्गशिक्षिकेशी बोलून घरचा डबा ठरवला. मेन्यूचा कागद महिन्याआधी येतो, त्यामुळे तिकडे करी असेल तर इकडे राजमा. कुणाच्या ताटापेक्षा वेगळं दिसू नये एवढंच तिचं म्हणणं. खुर्चीवर एक जाड उशी असते, ती भूकंपाच्या सरावात डोक्यावर टोपडं म्हणून चढते. आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर आजी हसायची सोडून गप्पच झाली.

तोझाईग्रस्त
तोझाई या इथल्या मेट्रोची रॅपिड गाडी निशिकासाईला थांबत नाही, सरळ उरायासूला नेते. फलक बघूनच चढा. आणि सकाळी आठला स्ट्रोलर नको, प्लीज.

नदीकाठी
कुणी पाण्याबद्दल लिहिलं नाही? वॉर्डाची साधारण 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. 2019 मध्ये वॉर्डाने वाटलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर चक्क 'इथे थांबू नका' अशा अर्थाचं वाक्य होतं. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मोठं वादळ आलं, फोन कोकलायला लागले, स्थलांतराची सूचना. आम्ही शाळेच्या व्यायामशाळेत रात्र काढली. शेजारच्या जपानी आजोबांनी आमच्या बाळाला चटई दिली, आम्ही त्यांना चकल्या. वॉर्ड वाचला. पासपोर्ट आणि दुधाची पावडर अजून दाराशी पिशवीत असते.

नवखा
पुढच्या महिन्यात येतोय. मिक्सर, कुकर आणू का? मुलगा वारंवार आजारी पडतो, डॉक्टरांचा खर्च?

दोन डबेवाली
मुलांचे उपचार इथे मोफत, आधी वॉर्ड ऑफिसातून कार्ड करून घ्या. मिक्सर आणू नका, वीज 100 व्होल्टची आहे, चटणी वाटली जाणार नाही. कुकर आणा, इंडक्शनच्या बुडाचा. फक्त शिट्ट्या सकाळी सातनंतर. आमच्या खालच्या काकूंनी एकदा चिठ्ठी लावली होती.