मदत हवी आहे : लघवीची ईटीजी टेस्ट पॉझिटिव्ह, पण हे म्हणतात प्यायलोच नाही

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. व्यसनमुक्तीचे उपचार घेतल्यापासून दारू बंद आहे, निदान मला तरी घरात तसंच दिसतंय. पगार पूर्ण हातात येतो. परवा डॉक्टरांनी लघवीची ईटीजी तपासणी (दारू प्यायल्याची खूण शोधणारी) करून घेतली. कटऑफ ५००, म्हणजे त्याच्या वर गेलं की पॉझिटिव्ह, यांचा आकडा ६४०. हे पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात, सासूबाई म्हणतात, "रोजच पीत असणार, कागद खोटं बोलतो होय?"

यांना शुगर आहे. त्याच रिपोर्टात लघवीत साखर तीन प्लस आहे. डबी सकाळी दिली, लॅबचा पोरगा दुपारी गाडीवरून घेऊन गेला, तिथून पुण्याला. एप्रिलमधलं आपल्याकडचं ऊन सांगायला नकोच. त्याने फरक पडतो का?

उत्तर :
ताई, आधी सासूबाईंचं. या टेस्टवरून 'रोज पितात' हे ठरतच नाही. दारू पोटात गेली की शरीरात थोडं ईटीजी बनतं आणि लघवीत साधारण तीन-चार दिवस सापडतं. एका पार्टीनेही पॉझिटिव्ह येतं, आणि वर्षानुवर्षं पिणारा दोन आठवडे थांबला की निगेटिव्ह. मागच्या दोन ते चार आठवड्यांचं बघायचं तर रक्तातली पेथ टेस्ट. लिव्हरच्या रक्ततपासणीतलं जीजीटी वाढलंय म्हणून कुणी बोट दाखवलं तर ऐकू नका, ते फॅटी लिव्हरनेही वाढतं.

तुमची शंका बरोबर आहे. लघवीत साखर, त्यात यीस्ट (साखर आंबवणारे सूक्ष्मजीव), वर असला उकाडा. डबीतच अल्कोहोल तयार होतं. सोबत ई. कोलाय हे जंतू असतील तर त्याचं ईटीजीही बनू शकतं. गंमत म्हणजे हेच जंतू कधी खरं ईटीजी संपवूनही टाकतात. म्हणून जोडीने ईटीएस, म्हणजे इथाइल सल्फेट, बघतात. ते डबीत असं बनत नाही. तेही पॉझिटिव्ह आलं तर मात्र अल्कोहोल शरीरात गेलंय, मग खोकल्याचं औषध, माउथवॉश घेतलं होतं का तेही विचारा.

धागाकर्ती :
खूप आभार दादा. ईटीएससाठी तीच लघवी चालेल का?

उत्तर :
लॅबने फ्रीजरमध्ये ठेवली असेल तर आधी तीच करून घ्या, कारण नवीन लघवी त्या आठवड्याचं काही सांगणार नाही. पुढच्या वेळी सोडियम फ्लोराइड (आंबणं रोखणारं) घातलेली डबी मागा, बर्फाच्या पॅकवरच पाठवायला लावा आणि कल्चरही, म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी, सांगा. शुगरचं मात्र डॉक्टरांकडे आजच बघा, तीन प्लस म्हणजे थांबण्यासारखं नाही.