शेव आणि उसळ: दोन नर गिनीपिगांना वेगळं करावं का?

मांजलपूरकर
आमच्याकडे दोन नर गिनीपिग आहेत, शेव आणि उसळ. नावं लेकीने ठेवली, बडोद्यात राहून तिला दुसरं काय सुचणार! एकाच वेताचे भाऊ, आता दहाएक महिन्यांचे. परवापरवापर्यंत एकमेकांना रेलून झोपायचे. एकाला उचललं की दुसरा शिट्ट्या मारून घर डोक्यावर घ्यायचा. उत्तरायणापासून, म्हणजे संक्रांतीपासून, मात्र रोज चकमक. उसळ घुमत घुमत, ढुंगण हलवत शेवभोवती फेर धरतो, त्याच्या अंगावर चढतो. शेव आधी पळायचा, आता उलटून दात कटकटवतो. काल शेवच्या कानाला रक्त दिसलं. चीर बारीक आहे, खाणंपिणं व्यवस्थित चालू आहे.

घरात दोन पक्ष पडलेत. लेक म्हणते, आणखी एक पिंजरा आणा. सौ. म्हणते, निझामपुऱ्यातल्या माझ्या भाच्याकडे एक देऊन टाका. त्याच्याकडे दोन माद्या आहेत, तिथे सोबतही मिळेल. माझं मत सौ.च्या बाजूला झुकतंय. सध्याचा पिंजरा दोन फूट बाय दीड फूट, दुकानदाराने 'दोघांना भरपूर' म्हणून गळ्यात मारलेला. अनुभवी लोकांनी सांगा, काय करू?

रावपुऱ्याची वहिनी
भाऊ, रक्त आलं की विषय संपला. घुमणं, अंगावर चढणं, हनुवटी उंच करून एकमेकांना दाखवणं, इथपर्यंत त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. दात कटकटवणं ही ताकीद. पण एकदा चावा खोल बसला की पुढचा त्याहून खोल बसतो. आजच वेगळे करा. आणि देणार असाल तर लवकर द्या, रोज एकमेकांना पाहत झुरत ठेवण्यापेक्षा ते बरं. माझ्याकडे दोन नर होते, त्यांच्यातल्या एकाला जखमेच्या जागी गळू झालं. वरून केस असतात, हाताला गाठ लागेपर्यंत आपल्याला पत्ता नसतो.

तळ्यातमळ्यात
वहिनींशी साफ असहमत. दहा महिने म्हणजे ऐन उनाड वय. नर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून अंगात येतात आणि सव्वा वर्षाचे होईपर्यंत अशीच मस्ती चालते. त्यानंतर बहुतेक जोड्या निवळतात. बहुतेक म्हणतोय, सगळ्या नाही. भांड्याला भांडं लागणारच. तेवढ्यावरून जन्माची सोबत तोडायची?

आणि मूळ दुखणं त्यांनी स्वतःच लिहिलंय: दोन बाय दीड. म्हणजे तीन चौरस फुटांत दोन वयात आलेले नर! दोन नरांना निदान दहा चौरस फूट सलग जमीन लागते. मजले चढवून ती भरून निघत नाही, हे आडवं धावणारं जनावर आहे. सनपॅकची (पोकळ प्लॅस्टिकची) शीट आणि जाळीचे चौकोन आणा, दोन बाय पाचचं घर घरच्या घरी उभं राहतं. पाण्याच्या बाटल्या दोन, गवताचे ढीग दोन, लपायची घरटी दोन, आणि प्रत्येक घरट्याला दोन दारं. एकच दार असलं की आतला कोंडला जातो आणि मग चावण्याशिवाय त्याला इलाज उरत नाही. आधी हे करा, मग वेगळं करण्याचं बोला.

रावपुऱ्याची वहिनी
भांड्याला पोचा पडतो हो, कानाचा तुकडा पडत नाही.
जागेचं म्हणणं मान्य. पण दहा चौरस फूट होईपर्यंत जो मार खातोय त्याचं काय? सुतार, शीट, जाळी यात दोन आठवडे सहज जातात.

टिंगूमास्तर
मला एक कळत नाही. उंदराएवढं जनावर, त्याची एवढी चर्चा? आठ दिवसांत विसरतील एकमेकांना.

तळ्यातमळ्यात
मास्तर, उंदराएवढं नाही, मोठा नर किलोभर भरतो. आणि हे कळपातलं जनावर. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा गिनीपिग पाळायला कायद्याने बंदी आहे, ती काही हौस म्हणून नाही.

रावपुऱ्याची वहिनी
तो कायदा एकट्याने ठेवू नका म्हणतो. हाच सोबती जन्मभर हवा, असं कुठे म्हणतो? उसळला दुसरी जुळणारी सोबत मिळाली आणि शेवलाही मिळाली, तर दोघांचंही भलंच झालं की. सोबत हवी हे खरं, पण रोज मारणारा हाच भाऊ हवा असं कुठे आहे? आपण माणसंच त्याला 'भाऊ-भाऊ' करून रडतो.

आणंदवाला
मी आणंदच्या व्हेटर्नरी कॉलेजला शिकतो, अजून पदवी नाही, त्यामुळे माझं बोलणं डॉक्टरांचा सल्ला म्हणून घेऊ नका. भांडणारे गिनीपिग म्हटलं की मी आधी स्वभाव नाही, दुखणं शोधतो. मांजलपूरकर, चार प्रश्न:

उत्तरायणाच्या सुमारास घरात काय बदललं? आसपास मादी आहे का?
वजन करता का? स्वयंपाकघरातला काटा चालतो.
खायला नेमकं काय देता?
दोघांपैकी कुणी लघवी करताना कळवळतं का, किंवा अंग खाजवून केस गेलेत का?

मांजलपूरकर
वजन कधी केलेलं नाही. मादीचं म्हणाल तर भाचा उत्तरायणाला गावी गेला तेव्हा त्याच्या दोन्ही माद्या आमच्याकडे ठेवून गेला. त्याच्या घरी रंगकाम निघालं, म्हणून त्या अजून इथेच आहेत, त्याच खोलीत पण वेगळ्या पिंजऱ्यात. तो काही प्रश्न असेल असं डोक्यात आलं नाही.
खाणं: सकाळी रजको. मंदिराजवळ गाईंसाठी विकायला बसतात त्यांच्याकडून ताजा आणतो. शिवाय काकडी, गाजर, थोडं दुकानातलं पॅकेटचं खाणं. उसळ कधी कधी लघवीला बसला की बारीक ओरडतो. मला वाटायचं लाडात येतो.

आणंदवाला
बघा, दोन गोष्टी हाताशी आल्या.

एक, माद्या. एका खोलीत मादीचा वास असला की गुण्यागोविंदाने राहणारे नरही एकमेकांवर उठतात. पिंजरे वेगळे असून उपयोग नाही, हवा एकच आहे. त्या आजच भाच्याकडे परत पाठवा. रंगाचा वास त्या नाजूक जिवांना चालणार नसेल तर आणखी कुणाकडे ठेवा, पण तुमच्या खोलीत नको. त्यानंतर नरांचा पिंजरा, चादरी, घरटी सगळं धुऊन काढा.

दोन, रजको. आपल्या मराठीत लसूणघास. त्यात कॅल्शियम खूप असतं. वाढत्या पिल्लांना किंवा गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज दिला तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. उसळला खडा आहेच असं मी म्हणत नाही, पण लघवी करताना ओरडणं हे लाड नव्हेत. एक्स-रे काढून घ्या. दुखणाऱ्या जनावराला कुणी अंगाला लागलेलं खपत नाही. तुम्ही त्याला भांडकुदळ म्हणताय, तो कदाचित आजारी आहे.

रोजचं मुख्य खाणं सुकं गवत हवं, जवळजवळ हवं तेवढं. त्यांचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात माणसासारखंच तयार होत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरची आणि थोडी कोथिंबीर. क कमी पडलं तरी सांधे दुखतात, आणि मग परत तेच, चिडचिड.

टिंगूमास्तर
कानाला हळद लावा. आणि घरात कुणाचं उरलेलं अमॉक्सिसिलिन असेल तर चिमूटभर पाण्यातून. आम्ही कुत्र्याला तेच देतो.

आणंदवाला
मास्तर, हात जोडतो, हे कुणी करू नका. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिगाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जनावर दगावतं. कुत्र्याचं औषध याला चालत नाही. हळदही नको, ते चाटून काढतात. मिठाच्या कोमट पाण्याने पुसा, रोज बोटांनी चाचपून गाठ लागते का बघा. गाठ लागली तर डॉक्टर.

कमाटीबाग
सगळे भांडणावर बोलताय, भाच्याच्या बेतावर कुणी बोलेना. नर तो, आणि त्याला दोन माद्यांत सोडायचा? गर्भाचा काळ ५९ ते ७२ दिवस. बाळंत झाल्यावर काही तासांत मादी परत गाभण राहते. पिल्लांतले नर तीन आठवड्यांचे झाले की आईपासून वेगळे करावे लागतात, नाहीतर त्यांच्यापासूनच आई परत गाभण राहते. दिवाळीपर्यंत भाच्याच्या घरात किती होतील ते सौ. वहिनींना मोजायला सांगा.

आणि यापेक्षा वाईट म्हणजे, त्या माद्यांचं वय काय? सहा-सात महिन्यांच्या आत एकदाही व्याली नसेल तर मादीच्या कमरेखालचा हाडांचा सांधा घट्ट होतो. मग पहिलंच बाळंतपण तिच्या जिवावर बेततं. पोटात पिल्लं अडकून मेलेली मादी पाहिली की 'सोबत होईल' हे वाक्य तोंडातून निघत नाही.

मांजलपूरकर
बाप रे. माद्या दीड वर्षाच्या आहेत, व्यालेल्या नाहीत. हे सौ.ला वाचून दाखवलं. भाच्याचा बेत रद्द.

रावपुऱ्याची वहिनी
मग खच्चीकरण करून द्या की. तेवढ्याने दोन्ही प्रश्न सुटतात.

आणंदवाला
एकच सुटतो. खच्ची केल्यावर पिल्लं होणार नाहीत, पण तेही लगेच नाही. शस्त्रक्रियेनंतर सहाएक आठवडे नर मादीपासून लांब ठेवतात, तोवर बीज शिल्लक असतं. नर-नर भांडण मात्र त्याने थांबेलच असं नाही. शिवाय भूल देण्याचा धोका. गिनीपिगांना भूल देण्याची सवय असलेला डॉक्टर आधी शोधा. आणि शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचं नसतं, याचं पोट रिकामं राहून चालत नाही. अर्धा-एक दिवस खाल्लं नाही तर आतडं थंडावतं. हे ज्याला सांगावं लागेल त्या डॉक्टरकडे जाऊच नका.

तळ्यातमळ्यात
म्हणजे माझंच खरं. कारणं दूर करा, जोडी ठेवा.

आणंदवाला
अर्धं खरं. माद्या गेल्या, जागा वाढली, दुखणं बरं झालं, तरी काही जोड्या परत जुळत नाहीत. पण वेगळं ठेवणं आणि घराबाहेर काढणं हे दोन निर्णय आहेत, सौ. वहिनी आणि लेक त्यावरच भांडताहेत. मधे जाळी टाकून शेजारी-शेजारी ठेवलं तर अंगाला अंग लागत नाही, पण वास, आवाज, एकाच वेळी गवत खाणं हे सगळं राहतं. एकटा गिनीपिग आणि जाळीपलीकडे शेजारी असलेला गिनीपिग यांत खूप फरक पडतो. माझं मत: आज जाळी. डॉक्टर होऊन गेले की मोकळ्या, दोघांनाही नवख्या जागेत गवताचा मोठा ढीग टाकून भेट घडवा. हातात टॉवेल ठेवा. जुंपली तर टॉवेल टाका किंवा मधे पुठ्ठा सरकवा, बोट घालू नका. चावे हाडापर्यंत जातात.

रावपुऱ्याची वहिनी
जाळीचा मीही विचार केला होता, मग सोडून दिला. समोर शत्रूचा वास चोवीस तास, दोघं जाळीला नाक लावून दात वाजवत बसतात, झोप नाही. त्यापेक्षा दोन खोल्या.

तळ्यातमळ्यात
दोन खोल्या म्हणजे दोन एसी. मांजलपूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर गेलं की हे जनावर धापा टाकायला लागतं. घाम येत नाही त्याला. थंड खोली एकच असेल तर दोघंही त्याच खोलीत, मग वहिनींना आवडो न आवडो. तुमच्याकडे काय आहे?

मांजलपूरकर
एसी एकाच खोलीत आहे. लेकीच्या.

कमाटीबाग
मग लेक जिंकली.

रावपुऱ्याची वहिनी
एसीने निर्णय झाला म्हणा ना. माझं मत बदललेलं नाही. जाळीला अर्ध्या उंचीपर्यंत सनपॅक लावा, म्हणजे झोपायच्या कोपऱ्यात तरी समोरासमोर येणार नाहीत. एवढं तरी ऐका.

आणंदवाला
हे वहिनींचं उत्तम. झोपायचा कोपरा झाका, गवताचा कोपरा उघडा ठेवा. जाळीचं भोक बोटाहून बारीक घ्या, नाहीतर नाक चावतील. आणि एक, सारखं वेगळं-एकत्र-वेगळं करू नका. प्रत्येक वेळी मोठा कोण हे त्यांना पहिल्यापासून ठरवावं लागतं आणि भांडण वाढतं. भेट एकदाच, नीट तयारीने. तीही दोघांची वजनं स्थिर असतील तरच.

मांजलपूरकर
काल रात्री पुठ्ठा टाकला, आज वेल्डमेशची जाळी आणली. माद्यांना घेऊन भाचा संध्याकाळी गेला, जरा नाराज होऊनच. रजको बंद. काट्यावर शेव ९४० ग्रॅम, उसळ ८१०. उसळ कमी भरेल असं वाटलंच नव्हतं, दांडगाई तर त्याचीच. उद्या एक्स-रे.

टिंगूमास्तर
८१० म्हणजे कमी का? मला तर बरंच वाटतं.

आणंदवाला
एका आकड्यावरून काही कळत नाही, ८१० त्याच्यापुरतं बरोबरही असेल. आता दुखण्याची शंका आहे तोवर रोज वजन करा, नंतर आठवड्याला एकदा, एकाच वेळी, खाण्याआधी. पन्नास ग्रॅम उतरलं तर लक्ष ठेवा, शंभर उतरलं तर थांबू नका. एक्स-रेला नेताना दोघांना एकाच खोक्यात घालू नका, दोन खोकी, शेजारी-शेजारी. आणि खोक्यात काकडी टाका, वाटेत पाणी पीत नाहीत.