घरचा कुंदा (दूध आटवून केलेली मिठाई) कडवट होतो. शिवाय बरण्यांवर नावं कशी घालू?

राखीला भावंडांना कुंदा द्यायचाय. १ लिटर म्हशीचं दूध, २ चमचे दही, १५० ग्रॅम साखर. बेळगावच्या दुकानातल्यासारखा तांबूस रंग येत नाही, आणायला गेलं तर कडू होतो.

उत्तर १:
रंग मुख्यतः साखरेचा असतो. दूध निम्मं आटलं की दही घाला, दाणे पडतील. ५० ग्रॅम साखर दुसऱ्या कढईत पाणी न घालता मंद आचेवर वितळवा. मधाच्या रंगाची झाली की लगेच दुधात ओता (उसळतं, हात लांब!). धूर निघाला तर सरळ टाकून द्या. तो कडवटपणा वेलदोड्यानं झाकत नाही. उरलेली साखर मागाहून घाला आणि कडेनं तूप सुटेपर्यंत परता.

उत्तर २:
ताई, गरम असताना झाकण लावू नका, वाफेच्या पाण्यानं आंबतो. फ्रीजमध्ये चार दिवस, बस्स. कुरिअरनं पाठवायचं असेल तर करदंटूच (डिंक, सुकामेवा, गुळाची कोरडी मिठाई) बरा.

उत्तर ३:
कागदी लेबल फ्रीजमध्ये ओलं होऊन सुटतं. खणाच्या पट्टीवर साखळी टाक्यानं नाव भरा आणि बरणीच्या गळ्याला बांधा. कडा १ सेंमी दुमडून शिवा, नाहीतर दोरे निघतात.