नाशिकच्या नव्या डीजेंबद्दल

वर कुणीतरी लिहिलंय की नाशिकला क्लब नाहीत म्हणून इथली इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी पोरं मुंबई-पुण्याला पळतात. मला हे अर्धंच पटतं. कॉलेज रोड-गंगापूर रोडला जागा आहेत, पण तिथे बहुतेक रात्री बॉलिवूड रीमिक्सच लागतात. स्वतःचा ट्रॅक वाजवायला तासभरही मिळत नाही. खरी उणीव ती.

उघड्यावर करायचं तर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषण नियम. मग संध्याकाळी पाचलाच सुरू करा ना! २००८ पासून सुला वायनरीच्या सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाने द्राक्षमळ्यात उन्हं उतरताना लोकांना नाचायला लावलंच की.

आणि आपल्याकडे नाशिक ढोल आहे. टिपरूचा, म्हणजे ढोलाच्या काठीचा, ठोका आणि हाताची थाप यांच्या मधल्या जागेत बेसलाइन, म्हणजे खालच्या जाड सुरांची ओळ, काय सुंदर बसते! न्यूक्लिया या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने देशी वाद्यांच्या जोरावर देशभर गर्दी खेचली, पुण्याच्या रित्विझ या गायक-निर्मात्याने घरच्या शास्त्रीय गाण्याचे संस्कार बीट्समध्ये आणले. आपल्या पोरांनी परदेशी सॅम्पल पॅकमधले (तयार आवाजांच्या संचातले) ड्रम घेण्याआधी एखाद्या ढोल पथकाच्या सरावाला रेकॉर्डर घेऊन जावं, अर्थात वादकांना विचारून आणि श्रेय देऊन.

क्लबवाल्यांकडे मागणी एकच: आठवड्यातली एक रिकामी रात्र, समजा मंगळवार, नव्यांना द्या.