पावाची चव आणि लाकडाची भट्टी

मुंबईतल्या बेकऱ्यांनी लाकडाची भट्टी सोडावी का, या चर्चेत काही जण म्हणतात की गॅसवर भाजलेल्या पावाला लाकडाच्या भट्टीची चव येणार नाही, तेव्हा बेकरीवाल्यांना भट्टी बदलायला लावू नका. हा मुद्दा मला पटत नाही. जुन्या विटांच्या भट्टीत आधी जाळ करून विटा तापवतात, निखारे सारतात आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. म्हणजे चव काही जळत्या लाकडातून येत नाही, आणि मऊपणा येतो तो पीठ कसं मळलं, किती आंबलं यावर. आणि जळतं काय? बऱ्याच ठिकाणी भंगारातलं लाकूड: मोडकं फर्निचर, प्लायवूड, पाडलेल्या इमारतींच्या चौकटी, रंग-गोंदासकट! तो धूर सगळ्यात आधी भट्टीपुढे उभ्या असलेल्या कारागिराच्या छातीत जातो, त्याच्याबद्दल या चर्चेत कुणीच बोललं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या शहरातल्या बेकऱ्यांना ६ महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं, ते योग्यच होतं. आमच्या गिरगावातल्या एका बेकरीने गॅस घेतला, पाव अजूनही सकाळीच संपतो. मालकांना चवीची चिंता नव्हतीच. भंगार लाकूड स्वस्त पडतं आणि नव्या भट्टीचे पैसे एकदम काढावे लागतात, त्यांची अडचण ही होती. लहान बेकऱ्यांसाठी काही मागायचंच असेल तर सूट नको, कमी व्याजाचं कर्ज मागूया.