मदत हवी आहे : गुरुजी-बाईंचा सत्कार कसा करावा?

नमस्कार मंडळी, आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या जुन्या शिक्षकांचा सत्कार करायचं सगळ्या बॅचेसनी मिळून ठरवलंय. सावित्रीबाईंचं जन्मगाव नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यात, म्हणून हाच दिवस धरला. आमचे गुरुजी चौथीच्या स्कॉलरशिपचे जादा तास रात्री मारुतीच्या देवळात घ्यायचे, कारण निम्म्या घरांत लाईट नव्हती, आणि बाई तर मुलींच्या वेण्या घालायला तेलाची बाटली न् फणी टेबलाच्या खणातच ठेवायच्या, अशा माणसांना नुसती शाल-श्रीफळ देऊन फोटो काढायचा हे मनाला पटत नाही.

तर विचारायचं होतं, कुणी असं काही केलंय का? गुरुजींना आता ऐकू कमी येतं, जिना चढवत नाही, मग कार्यक्रम त्यांच्या अंगणात घेतला तर चालेल का? गावजेवणाला पिठलं-भाकरी ठेवतोय, बचत गटाच्या बायका भाकऱ्या थापायला तयार आहेत. आणि बदली होऊन गेलेल्या शिक्षकांचे पत्ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात मिळतात का, की केंद्रप्रमुखांना भेटावं? प्लीज सांगा.