विषय: नॉर्वेतील जुन्या प्रवासमित्राकडे जाण्यासंबंधी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

तरुणपणी लडाखच्या मार्खा खोऱ्यातून पायी फिरताना एका नॉर्वेजियन तरुणाशी माझी गट्टी जमली. एका तंबूत राहिलो, एका पातेल्यातली खिचडी खाल्ली. पुढे मात्र नाताळच्या पत्रापुरताच संबंध उरला. आता तो निवृत्त झाला असून बर्गनला राहतो, आणि त्याने आम्हा उभयतांना जुलैमध्ये आग्रहाने बोलावले आहे. परंतु परवाच्या पत्रात, आम्ही कोणत्या दिवशी किती वाजता पोहोचणार, किती रात्री राहणार, काय काय खात नाही आणि चादरी स्वतःच्या आणणार का, असे चार प्रश्न त्याने क्रमांक घालून विचारले आहेत. सौभाग्यवतींना हे चांगलेच लागले. ज्याला पाहुणा मनापासून हवा असतो तो चादरींचा हिशेब करत नाही, असे त्यांचे म्हणणे. मला तसे वाटत नाही, पण त्यांना पटेल असे उत्तरही मजजवळ नाही. शिवाय भेट म्हणून पेढे आणि घरचे तूप न्यावे असा विचार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

— एक सभासद, मँचेस्टर

*

काकांस सादर नमस्कार.

मी पूर्वी आपल्याच मंडळात होते. आता बरीच वर्षे ऑस्लोत राहते. काकूंना कृपया सांगावे की त्या चार प्रश्नांत आगत्यच आहे, फक्त ते इथल्या पद्धतीने व्यक्त झाले आहे. "कधीही या, घर तुमचेच आहे" असे इथे सहसा कोणी म्हणत नाही. पण एकदा तारीख ठरली की यजमान ते दिवस खरोखरच तुमच्यासाठी मोकळे ठेवतो. म्हणून उत्तरही त्याच नेमकेपणाने द्यावे. "तुझ्या सोयीने ठरव" असे आपण संकोचाने लिहितो, पण त्याने समोरचा माणूस अडचणीत पडतो.

चादरींच्या प्रश्नावरून माझा तर्क असा आहे की तो तुम्हांला केवळ बर्गनच्या घरी ठेवणार नसून डोंगरातल्या आपल्या लाकडी घरी, म्हणजे ‘ह्युत्ते’वर, नेणार आहे. हा मान समजावा. तिथे प्रत्येकाने आपली चादर, उशीचा अभ्रा आणि दुलईची खोळ बरोबर आणण्याची रीतच आहे, कारण अशा पुष्कळ घरांत नळ नसतो आणि धुण्याचे ओझे खाली न्यावे लागते. पाणी ओढ्यावरून किंवा तळ्यावरून बादलीने आणायचे, शेगडीसाठी लाकडे फोडायची, आणि शौचालय अंगणापलीकडच्या खोपटात. पाहुण्याने "मी काय करू?" असे विचारत बसण्यापेक्षा रिकामी बादली दिसताच उचलावी, कोणी "अहो, राहू द्या" म्हणत नाही, आणि त्यात आपला अपमानही नाही. निघण्याच्या दिवशी झाडलोट सगळ्यांनी मिळून करायची असते.

जेवणाविषयी स्पष्ट लिहावे. नुसते "शाकाहारी" लिहिले तर मासे चालतात असा समज होऊ शकतो. मासे, अंडी, चीज यांपैकी काय चालते ते वेगवेगळे सांगावे. दिवसाचे मुख्य जेवण संध्याकाळी पाचच्या सुमारास होते, एरवी पाव आणि तपकिरी रंगाचे, किंचित गोडसर चीज. बहुतेक मोठी दुकाने रविवारी बंद असतात, त्यामुळे सामानाची यादी आधीच करावी लागते.

पेढे आणि तूप मात्र नेऊ नयेत. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणण्यास प्रवाशांना मनाई आहे, आणि 2021 पासून ब्रिटनही त्या ‘बाहेर’मध्येच मोडते. चहा, मसाले, काजू न्यावेत. मित्र घेत असेल तर विमानतळावरून करमुक्त मर्यादेतली एखादी बाटलीही न्यावी. इथे मद्यावर कर जबर आहे आणि वाइन केवळ सरकारी दुकानांतच मिळते.

— एक माजी सभासद, ऑस्लो

*

नमस्कार.

ताईंनी सर्व सविस्तर लिहिलेच आहे. मी फक्त प्रवासाची भर घालतो. बर्गनला थेट विमानाने जाण्यापेक्षा ऑस्लोला उतरून रेल्वे धरावी. 1909 साली पूर्ण झालेला हा मार्ग सुमारे सात तासांत डोंगर ओलांडतो. त्यावरचे फिन्से स्थानक 1,222 मीटर उंचीवर असून तिथे मोटाररस्ता पोहोचतच नाही. जुलैतही आसपास बर्फाचे पट्टे दिसतात. जागा आधी राखून ठेवावी, कारण जुलैच्या उत्तरार्धात निम्मा देश सुट्टीवर असतो.

मित्राचे डोंगरातले घर उस्ताओसेत किंवा याइलोच्या बाजूला असेल तर बर्गनपर्यंत न जाता वाटेतच उतरता येईल. त्याला विचारून पाहावे. उस्ताओसेतच्या डोक्यावर हालिंगस्कार्वे हा लांबलचक कडा आहे. गांधीजींच्या विचारांचा अभ्यास करून त्यावर लिहिणारे नॉर्वेजियन तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी 1938 मध्ये त्याच कड्याखाली आपली झोपडी बांधली आणि आयुष्याची बरीच वर्षे तिथे काढली. दोन जुन्या हिमालयवाऱ्यांना बोलायला एवढा विषय पुरे आहे.

मुक्कामाच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. नेमकेपणा ठीक, पण संकोचापोटी दोनच रात्री लिहू नयेत. डोंगरातल्या घरी पहिला दिवस सामान लावण्यात आणि दुसरा बऱ्याचदा पावसात जातो; मोकळ्या गप्पा होतात त्या त्यानंतर.

— एक सभासद, लीड्स

*

उभयतांचे मनःपूर्वक आभार.

ताईंचे पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि मग उत्तर आमच्या सौभाग्यवतींनीच लिहिले, तेही क्रमांक घालून. मित्राचा उलट टपाली जबाब आला आहे: घर उस्ताओसेतलाच आहे, आम्ही तिथेच उतरावे, तो स्थानकावर घ्यायला येईल, पाच रात्री त्याला सोयीच्या आहेत, आणि एका संध्याकाळी त्याला आमच्या हातची खिचडी हवी आहे. डाळ इथूनच नेतो.

आता एकच अडचण उरली आहे. हार्डांगरविड्डाच्या पठारावर दिवसभर चालण्याचा बेत त्याने आखला असून तिथली दलदल लक्षात घेता घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पाणी न शिरणारे बूट लागतील असे कळवले आहे. सौभाग्यवतींच्या मापाचे, म्हणजे पाच नंबरचे, असे बूट कोणाकडे वापराविना पडून असल्यास महिनाभरासाठी मिळावेत. मँचेस्टर परिसरात कुठेही येऊन घेऊन जाईन.

— मँचेस्टर